बोटांच्या टोकांवरचे वैद्यक

छांगआन ही तांग राजवटीची राजधानी. तिथल्या सरकारी वैद्यक कार्यालयाची घडी इसवी सन ६२४ मध्ये बसली आणि त्यात चार शाखा शिकवल्या जाऊ लागल्या: औषधे, सुया, मालीश आणि मंत्रोपचार. त्या काळच्या प्रशासकीय ग्रंथांत या शाखांचा आकृतिबंध नोंदवलेला आहे. मालिशीच्या शाखेत एक अध्यापक, चार उस्ताद, सोळा कारागीर आणि पंधरा विद्यार्थी. अध्यापकाचा हुद्दा दरबारी उतरंडीच्या नवव्या श्रेणीतला, म्हणजे अगदी तळाचा. तरीही तो सरकारी हुद्दा होता. कामही ठरलेले होते. अंग ताणण्या-वळवण्याचे आणि श्वासाचे व्यायाम शिकवून दुखणी घालवायची, आणि कुणी पडून हाड मोडून किंवा सांधा निखळून आला तर तो जागेवर बसवायचा.

सातव्या शतकात एखाद्या राज्याने मालिशीचे अध्यापकपद निर्माण करावे, ही मोठीच गोष्ट. पुढे जे घडले ते मात्र अधिक विचार करायला लावते. जुन्या ग्रंथांत आनमो आणि आज तुईना या नावाने ओळखली जाणारी ही विद्या पुढल्या चौदाशे वर्षांत दोनदा दरबाराबाहेर पडली आणि एकदा सगळ्या चिनी वैद्यकासकट मोडीत काढली जाता जाता वाचली. प्रत्येक वेळी तिला ज्यांनी जगवले त्यांना समाजात फारसा मान नव्हता: लेकरांच्या दुखण्यांवर उपाय करणारे गावोगावचे वैद्य, हाडवैद्य, न्हावी, आखाड्यातले उस्ताद आणि शेवटी अंध माणसे. औषध बाटलीत भरता येते, सुई पेटीत ठेवता येते. मालिशीची विद्या माणसाच्या अंगाबाहेर कुठेच साठवता येत नाही. तिच्या नशिबी आलेल्या बहुतेक चढउतारांचे मूळ मला याच एका गोष्टीत दिसते.

ग्रंथांचेच पाहा. हान राजवटीच्या इतिहासात राजग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी आहे. तीत पीतसम्राट आणि त्याचा वैद्य छीबो यांच्या नावावर मालिशीचा दहा खंडांचा ग्रंथ नोंदलेला आहे. तो ग्रंथ हरवला. त्याचे एक पानही उरलेले नाही. हात मात्र चालत राहिले. त्याच सुमाराचा, पण टिकून राहिलेला ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ. त्यात उपचारांचा उगम पाच दिशांना वाटून दिला आहे. दगडी पात्याने गळू फोडण्याची रीत पूर्वेकडची, औषधे पश्चिमेची, डाग देण्याचा उपचार उत्तरेचा, सुया दक्षिणेच्या. आणि मधला प्रदेश सपाट, दमट, सुपीक. तिथली माणसे नाना तऱ्हेचे अन्न खातात, अंगमेहनत कमी करतात, म्हणून त्यांचे हातपाय शिथिल पडतात आणि थंडीताप येतो. त्यांच्यासाठी व्यायाम आणि मालीश. हा भूगोल आज कुणी खरा मानणार नाही. तरी दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बैठ्या जगण्याचा आणि आखडलेल्या अंगाचा संबंध जोडला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. याच ग्रंथात दुखण्यावरचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. काही वेदना दाबल्याने शमतात, काही दाबल्याने वाढतात आणि काहींना हात लावून उपयोग नसतो, असा भेद तिथे स्पष्ट केलेला आहे. कुठे हात लावू नये हे सांगणारे वैद्यक मला भरवशाचे वाटते.

१९७२ ते १९७४ या काळात हुनान प्रांतात छांग्शा शहराजवळ मावांगदुई इथे हानकालीन थडगी उकरण्यात आली. त्यांतले तिसरे थडगे इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेले. त्यात रेशमी वस्त्रांवर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले आणि एक रंगीत चित्रही सापडले. त्यावर चव्वेचाळीस माणसे व्यायाम करताना रेखाटली आहेत: बायका, पुरुष, म्हातारे, तरुण, कुणी उघड्या अंगाने, कुणी पायघोळ कपड्यांत. सोबतच्या बावन्न आजारांवरील उपचारांच्या ग्रंथात चोळण्या-दाबण्याचे प्रयोगही आहेत. म्हणजे नेइजिंगची जुळवाजुळव पुरी होण्याआधीच हा व्यवहार चालू होता.

पुढच्या काही शतकांत या हातांनी काय काय केले याच्या दोन नोंदी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. एक झांग झोंगजिंग या वैद्याच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथातली. गळफास घेतलेल्या माणसाला कसे वाचवायचे याची तिथे रीतसर कृती आहे. त्याला आधी उचलून धरायचे, मग दोर सोडायचा. एकाने डोक्याशी बसून केस ताणून धरायचे, दुसऱ्याने छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा दाबायचे, तिसऱ्याने हातपाय चोळत वाकवायचे. श्वास परतला तरी दाबणे लगेच थांबवायचे नाही. छाती दाबून माणूस परत आणण्याची कृती आपण विसाव्या शतकातली समजतो. तिची ही पूर्वज.

दुसरी नोंद चौथ्या शतकातल्या गे होंग याची. त्याने घाईच्या वेळी हाताशी असावेत असे उपचार एका छोट्या पुस्तकात गोळा केले. त्यात पोटात एकाएकी कळ आली तर रोग्याला पालथे झोपवून, पाठकण्यावरची कातडी चिमटीत धरून माकडहाडापासून मानेपर्यंत उचलत नेण्याचा उपाय आहे. हाच उपाय पुढे लहान मुलांच्या अपचनावर चिनी घराघरांत पोचला आणि आजही तो तुईनाच्या अभ्यासक्रमात आहे. याच पुस्तकात हिवतापावर एका वनस्पतीचा रस काढण्याची ओळ आहे. ती वाचून तू यूयू यांना अर्क कमी तापमानावर काढण्याची कल्पना सुचली, त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. एकाच पुस्तकातल्या दोन उपायांपैकी एक रेणू म्हणून प्रयोगशाळेत गेला आणि जगभर पोचला. दुसरा चिमटीतच राहिला. रेणू वेगळा काढता येतो, त्याचे सूत्र लिहिता येते, त्याची गोळी करता येते. चिमटीचे तसे काही करता येत नाही.

सातव्या शतकातला सुन सिमियाओ हा तर मराठी वाचकाने मुद्दाम ओळख करून घ्यावी असा वैद्य. साधारण ६५२ मध्ये पुऱ्या झालेल्या त्याच्या ग्रंथात अठरा कृतींचा एक क्रम आहे आणि तो भारतातला, ब्राह्मणांचा असल्याचे तो सांगतो. हात धुतल्यासारखे एकमेकांत फिरवायचे, जड धनुष्य ओढल्यासारखे ताणायचे, जमिनीवर हात टेकून वाघासारखे मागे वळून पाहायचे. रोज तीनदा केल्यास महिन्याभरात दुखणी जातात आणि माणूस पळत्या घोड्याला गाठतो, असे आश्वासनही दिले आहे. हा क्रम खरोखर भारतातून गेला का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण त्या काळी बौद्ध भिक्षूंच्या वाटेने वैद्यक दोन्हीकडे फिरत होते आणि भारताचे नाव घेतल्याने उपायाचे वजन वाढते असे चिनी वैद्याला वाटत होते, एवढे तरी त्यातून कळते. त्याच ग्रंथात तान्ह्या मुलांविषयी एक सल्ला आहे. मूल आजारी नसले तरी सकाळी उठल्यावर औषधी मलम त्याच्या टाळूवर, तळहातांवर आणि तळपायांवर चोळावे, म्हणजे वारा आणि थंडी बाधत नाही. आपल्याकडे बाळाची टाळू भरणाऱ्या आजीला हे वाचून दाखवले तर तिला यात नवे काहीच वाटणार नाही.

तांगांची ही व्यवस्था शेजाऱ्यांनीही उचलली. जपानने आठव्या शतकाच्या आरंभी आपल्या कायदेसंहिता चिनी धर्तीवर रचल्या तेव्हा वैद्यक खात्यात मालिशीचा अध्यापक आणि विद्यार्थीही ठेवले. चीनमध्ये मात्र पुढे वारा फिरला. सोंग राजवटीच्या वैद्यक शाळेत मालिशीची शाखा उरली नाही. बाराव्या शतकाच्या आरंभी सम्राटाच्या आज्ञेने संकलित झालेल्या मोठ्या वैद्यककोशात या विद्येवर बारकाईने लिहिलेले प्रकरण आहे: दाबणे वेगळे, चोळणे वेगळे, दाबताना फक्त हात, चोळताना हवे तर औषध. म्हणजे ज्ञान ग्रंथात गेले आणि माणसे कार्यालयातून बाहेर पडली. मिंग राजवटीने तेरा शाखांमध्ये मालिशीला पुन्हा जागा दिली. १५७१ मध्ये ती शाखा बंद केली. मंत्रोपचाराची शाखाही तिच्याबरोबरच गेली.

असे का झाले? मला कारण चिनी विद्वान वैद्याच्या बदलत गेलेल्या प्रतिमेत दिसते. सोंग काळापासून वैद्यक हा सुशिक्षित घराण्यांतल्या मुलांचा सन्माननीय व्यवसाय होऊ लागला. राजसेवेच्या परीक्षेत यश आले नाही तर वैद्य व्हावे, अशी वाट रुळली. असा वैद्य नाडीवर तीन बोटे ठेवतो, विचार करतो, कुंचल्याने औषधयोजना लिहून देतो. घाम गाळत रोग्याची पाठ रगडणे त्याच्या प्रतिमेत बसत नव्हते. शिवाय अंगाला, विशेषतः परस्त्रीच्या अंगाला, हात लावण्याविषयीचा संकोच वाढत गेला. ज्या कामात हात मळतात ते काम करणाऱ्याची पायरी खाली, हा हिशेब आपल्याही समाजाने फार निष्ठेने मांडलेला आहे.

दरबाराने दार लावले आणि तीसच वर्षांत, १६०१ साली, यांग जिझोउ यांचा ‘झेनजिउ दाचेंग’ हा सुयांवरचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्याच्या शेवटच्या खंडात छन आडनावाच्या एका वैद्याचे बालमालिशीचे शास्त्र समाविष्ट आहे. या विषयावरचे आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने पुस्तक. पाठोपाठ १६०४ मध्ये गोंग तिंगशियान यांचे पुस्तक आले आणि मग रांगच लागली. कारण उघड होते. मूल काढा थुंकून टाकते, सुई पाहून आकांत करते. त्याला काय दुखते ते सांगता येत नाही, आणि इवल्या मनगटावर तीन बोटांनी नाडी पाहायला जागाच नसते. आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाचा हात मात्र हाती घेता येतो.

या वैद्यांनी मुलाच्या तळहातापासून कोपरापर्यंत एक स्वतंत्र नकाशाच आखला. अंगठ्याची कड पचनाची. मनगटाच्या घडीपासून कोपरापर्यंत आतल्या मध्यरेषेवर दोन बोटे वर सरकवत न्यायची, ती ताप उतरवायला. अंगठ्याच्या बाजूची रेषा ऊब देणारी, करंगळीच्या बाजूची थंडावा देणारी. कातडी सोलवटू नये म्हणून बोटे पाण्यात, आल्याच्या किंवा कांद्याच्या पातीच्या रसात, तिळाच्या तेलात बुडवायची. घासण्याच्या फेऱ्या शेकड्यांनी मोजायच्या. मुलाचा डावा हात, मुलीचा उजवा. मोठ्या माणसांच्या नकाशात नसलेले हे बिंदू आणि या रेषा कुठून आल्या याचे उत्तर शरीररचनेच्या पुस्तकात सापडत नाही. पण या पुस्तकांची भाषा सोपी आहे, कृती पद्यात बांधलेल्या आहेत आणि आकृत्या भरपूर आहेत, कारण ती पाठ करून वापरण्यासाठी लिहिली गेली. राजदरबाराच्या नोकरीत असती तर या विद्येने असे रूप घेतले असते, असे मला वाटत नाही.

दरबाराबाहेर या विद्येने धरलेली दुसरी वाट हाडवैद्यांची. छिंग दरबाराने १७४२ मध्ये पुऱ्या करवून घेतलेल्या ‘यीझोंग जिनज्यान’ या वैद्यककोशात हाडे बसवण्याच्या आठ हस्तक्रिया सांगितल्या आहेत. पहिली क्रिया चाचपण्याची: मोडलेले हाड कातडीखाली कसे सरकले आहे हे बोटांनी आधी नीट समजून घ्यायचे. शेवटच्या चार दाबणे, चोळणे, ढकलणे आणि पकडून उचलणे अशा. क्ष-किरणांच्या दीडशे वर्षे आधीचा हा काळ. बोटांखेरीज दुसरा डोळा नव्हता. तिसरी वाट न्हाव्याच्या दुकानातून, हमामखान्यातून आणि कुस्ती-मुष्टियुद्धाच्या आखाड्यातून जाते. तिची लिखित नोंद फार तुटपुंजी आहे, कारण त्या हातांना लिहिण्याची सवय नव्हती.

याच तिसऱ्या वाटेच्या आसपास, छिंग राजवटीच्या उतरत्या काळात, हनानचा ली ज्यानछन नावाचा उस्ताद यांगझोउ शहरात आला आणि त्याने डिंग फेंगशान या माणसाला शिष्य केले. लीच्या पद्धतीत जवळजवळ सगळे काम एका अंगठ्यावर चालते. खांदा सैल सोडलेला, कोपर खाली लोंबते, मनगट लवचीक, आणि अंगठ्याचे टोक रोग्याच्या शरीरावर एका बिंदूवर टेकलेले. टोक जागचे हलत नाही. मनगट डोलते आणि अंगठ्याचे पेर त्याबरोबर वाकते, सरळ होते. मिनिटाला १२० ते १६० वेळा. जोर दिसत नाही, पण पाच-दहा मिनिटांत आत खोलवर ऊब उतरते. हे करायला शिकणे फार कष्टाचे. शिष्याला आधी माणसाच्या अंगाला हात लावू देत नाहीत. तांदूळ भरलेली छोटी पिशवी पुढ्यात ठेवून त्याने महिनोन् महिने सराव करायचा. सुरुवातीला पिशवी घट्ट बांधलेली, मग हळूहळू सैल. अंगठा सुजतो, मनगट भरून येते, खांद्यात वेदना होते. त्याबरोबर अंग मजबूत करण्याचे व्यायाम. ताल न बिघडवता, जोर कमी-जास्त होऊ न देता पिशवीवर अखंड काम करता आले की मग माणूस.

डिंग फेंगशानचे शिष्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शांघायमध्ये पसरले. वांग सोंगशान, डिंग शूशान, झू चुनतिंग ही त्या परंपरेतली नावे. डिंग घराण्यातल्या डिंग जिफेंग या तरुणाला अंगठ्याचे काम स्नायूंच्या मोठ्या दुखण्यांना अपुरे वाटू लागले, म्हणून १९४० च्या दशकात त्याने हाताची मागची बाजू वापरून नवी क्रिया बसवली. करंगळीकडची कड रोग्याच्या पाठीवर टेकवायची आणि मनगट वळवत हाताचा पाठीमागचा भाग लाटण्यासारखा पुढेमागे लोळवायचा. स्पर्श रुंद, दाब मऊ, ताल तोच. आज जगात कुठेही तुईना शिकवताना ही क्रिया पहिल्या काही धड्यांतच येते आणि शिकणाऱ्याला ती हजारो वर्षांची वाटते. तिचे वय शंभरही नाही. परंपरेत कुणीतरी आपल्या हयातीत मोलाची भर घातली, हे लपवून तिला प्राचीनतेच्या धुक्यात ढकलणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

शांघायमध्ये हे चालू असतानाच १९२९ च्या फेब्रुवारीत चीनच्या आरोग्य मंत्रालयाच्या बैठकीने जुने वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव केला. यू युनशिऊ हे जपानमध्ये शिकलेले वैद्य त्यामागे होते. १७ मार्चला देशभरातले जुने वैद्य शांघायमध्ये जमले, दुकाने बंद झाली, शिष्टमंडळ नानजिंगला गेले आणि ठराव बारगळला. यू यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. साथींनी माणसे मरत होती, देशाला निर्जंतुकीकरण आणि लस हवी होती, आणि जुन्या वैद्यकातल्या कितीतरी गोष्टींना पुरावा नव्हता. पण सरसकट बंदीने हवे-नको एकत्रच गेले असते, आणि ज्यांची विद्या कागदावर नव्हती त्यांची तर खूणही उरली नसती.

कम्युनिस्ट राजवटीने उलटा रस्ता धरला. डॉक्टर कमी, लोकसंख्या अफाट, पैसा नाही. म्हणून नव्या-जुन्या वैद्यकाची मोट बांधण्याचे धोरण आले. १९५६ मध्ये शांघायमध्ये तुईनाचा सरकारी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला, १९५८ मध्ये त्याची शाळा आणि दवाखाना झाला. झू चुनतिंग तिचे प्रमुख झाले. ज्या उस्तादांनी आयुष्यभर आपल्या क्रिया घराबाहेर जाऊ दिल्या नव्हत्या ते एका छताखाली आले आणि एकमेकांच्या शिष्यांना शिकवू लागले. मला हे या विद्येच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. त्याची किंमतही मोजावी लागली. पाठ्यपुस्तकासाठी क्रियांची नावे एकसारखी केली गेली आणि घराण्याघराण्यांतले बारकावे त्यात घासले गेले. पुढच्या राजकीय वावटळीत ही शाळाही टिकली नाही. सत्तरच्या दशकात हा विषय शांघायच्या वैद्यक महाविद्यालयात परत आला तेव्हा जुन्यांपैकी अनेक हात थकलेले होते.

जगाने चिनी वैद्यकाकडे वळून पाहिले ते १९७१ मध्ये. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर बीजिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, नंतरच्या वेदनेवर सुया टोचल्या गेल्या आणि त्यांनी ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले. सुई एका रात्रीत प्रसिद्ध झाली. २०१० साली ती युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही गेली. आपल्याकडेही तेच घडले. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले होते. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचे सहकारी विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुयांचा उपचार शिकले आणि १९५९ मध्ये कोलकात्यात तो सुरू केला. महाराष्ट्राने २०१५ मध्ये या सुयांच्या उपचारासाठी कायदा केला. हाताच्या वाट्याला आल्या त्या शहराशहरांतल्या काचेच्या दारामागच्या खोल्या, जिथे मालीश कोण करतो, तो काय आणि किती शिकला, हे विचारण्याची सोय नसते.

आणि आता अंध माणसे. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने आंधळ्यांसाठी सुया आणि मालीश शिकवण्याच्या शाळा उघडल्या आणि हा व्यवसाय त्यांच्या नावाशी जोडला गेला. चीनमध्ये आंधळ्यांच्या वाट्याला पूर्वी भविष्य सांगणे आणि गाणे-बजावणे येई. १९५० च्या दशकात सरकारने त्यांच्यासाठी मालिशीचे वर्ग काढले. १९५८ मध्ये बीजिंगमध्ये मालिशीचे रुग्णालय सुरू झाले, जिथे दृष्टिहीन वैद्य रोगी तपासतात. २००९ पासून वैद्यकीय मालीश करणाऱ्या अंधांसाठी स्वतंत्र नियम आहेत. लाखो रुपयांच्या योजनांनी जे साधत नाही ते इथे साधले: माणूस आपल्या कसबावर उभा राहिला आणि रोगी त्याच्याकडे दयेने नव्हे, गरजेने आला. पण याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गणित आवडणाऱ्या, कायदा शिकू पाहणाऱ्या अंध मुलालाही घरचे आणि शाळा याच एका वाटेने ढकलतात. बी फेइयू यांची ‘तुईना’ ही २००८ ची कादंबरी नानजिंगच्या एका अंध मालीश केंद्रात घडते. तिला चीनचा माओ दुन पुरस्कार मिळाला आणि २०१४ मध्ये लोउ ये यांनी तिच्यावर चित्रपट काढला. तिच्यातली माणसे हेवेदावे करतात, प्रेमात पडतात, पैशाचा हिशेब ठेवतात. चिनी वाचकांना ही माणसे उपकाराचा विषय न होता भेटली.

हा व्यवसाय कोणाचा, हा प्रश्न न्यायालयांतही गेला. दक्षिण कोरियात मालिशीचा परवाना फक्त अंधांना मिळतो. तिथल्या घटना न्यायालयाने २००६ मध्ये ती तरतूद रद्द केली, तेव्हा अंध आंदोलकांनी हान नदीच्या पुलांवरून उड्या घेतल्या. संसदेने नवा कायदा केला आणि २००८ च्या ऑक्टोबरअखेर त्याच न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच आठवड्यात तैवानच्या सर्वोच्च न्यायमूर्तींनी तिथली तशीच तरतूद व्यवसायस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवली. दोन्ही निकालांमागे प्रामाणिक विचार आहे. माझा कल कोरियाच्या बाजूने आहे, कारण बाजार मोकळा केल्यावर डोळस माणसाला शंभर धंदे खुले असतात आणि अंध माणसाचा एक जातो.

उपचार म्हणून तुईनाची लायकी काय, हेही स्वच्छ बोलले पाहिजे. ज्या ऊर्जावाहिन्यांच्या आधारे ती समजावली जाते त्या शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली कुणाला सापडलेल्या नाहीत. चाचण्याही अवघड, कारण मालीश करणाऱ्याला आपण खरे करतो आहोत की खोटे हे न कळू देणे शक्यच नसते. कंबरदुखीवर मालिशीचा थोडा, बहुधा काही दिवसांचा फायदा दिसतो. अमेरिकी वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१७ च्या मार्गदर्शनात नव्या कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मालीश असे उपाय सुचवले आहेत, मात्र मालिशीचा पुरावा कमकुवत असल्याचेही नोंदवले आहे. मान झटका देऊन कडकन वाजवल्याने रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. हाडे ठिसूळ झालेल्या म्हातारपणी, कर्करोग हाडात उतरलेला असताना, पायातल्या शिरेत गुठळी असताना रगडणे जिवावर बेतू शकते. आणि जुलाबाने कोरड्या पडलेल्या तान्ह्या मुलाला आधी मीठ-साखरेचे पाणी आणि दवाखाना. त्याच्या तळहातावरच्या रेषा नंतर. चिनी शहरांत आज तरुण आईबापांना चार दिवसांत बालमालीश शिकवून दुकान थाटण्याचे आमिष दाखवले जाते, तिथे हे कुणी सांगत नाही. तांदळाच्या पिशवीवर घालवलेले महिने ही केवळ हाताची तयारी नव्हती. तेवढ्या काळात गुरूशेजारी बसून शिष्य शेकडो रोगी पाहत असे आणि कुणाला परत पाठवायचे ते शिकत असे.

गेल्या काही वर्षांत सिंगापूरमध्ये आणि चीनमध्ये मालीश करणारे यांत्रिक हात आले आहेत. जुन्या उस्तादांच्या क्रियांचा वेग आणि दाब संवेदकांनी मोजून यंत्राला शिकवला जातो. मिनिटाला १६० वेळा मनगट डोलवणे यंत्राला अवघड नाही आणि त्याचा अंगठा सुजत नाही. काही दुखण्यांत ते उपयोगीही पडेल. पण ज्या हातांवरून ही मोजमापे घेतली जातात त्या वैद्यांचा त्या नोंदींवर हक्क काय, याचे उत्तर करारात लिहिलेले असायला हवे. यंत्राने पहिल्यांदा कुणाची रोजी जाईल हेही सांगायला नको: रस्त्यावरच्या छोट्या केंद्रात तासाच्या हिशेबावर काम करणाऱ्या अंध माणसाची. रुग्णालयांना अशी यंत्रे घेण्याची परवानगी देताना दर यंत्रामागे एका दृष्टिहीन वैद्याची नेमणूक बंधनकारक करता येईल. त्याने आधी रोग्याला चाचपावे, यंत्र कुठे चालवायचे आणि कुठे अजिबात चालवायचे नाही ते ठरवावे. हा नियम आजच करता येण्याजोगा आहे; यंत्रे गल्लोगल्ली पोचल्यावर तो करून उपयोग होणार नाही.